काळ्या पानाची कैफियत

जमिनीच्या पोटातून निघणारा कोळसा, भट्टीच्या तोंडातून निघणारा चुना आणि काळ्या मातीच्या पाठीवर पिकणारा कापूस, या तीन वस्तूंवर ज्या गावाचा संसार चालत आला, त्या वणी तालुक्यातील राजूर गावी पऱ्हाटीच्या पानावर काळे काय पडले आहे हा प्रश्न प्रयोगशाळेत वाटतो तितका सरळ राहत नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाचा पट्टा या मुलखाखालून गेलेला आहे. त्याच मुलखात चुनखडीचे थर आहेत, म्हणून चुन्याच्या भट्ट्या आहेत. आणि या दोहोंच्या मधून, रस्त्याच्या कडेने, नाल्याच्या काठाने, जेथे म्हणून काळी जमीन मोकळी सापडते तेथे कापूस उभा आहे. कोळशाच्या गाड्या गेल्या की काळा धुरळा उडतो, भट्टीवरचा वारा फिरला की पांढरा धुरळा येतो, आणि दोन्ही धुरळे पऱ्हाटीच्या रुंद, लवदार पानावर येऊन बसतात. आता कापसाला स्वतःचे असे काळे आणि पांढरे विकारही आहेत. तेव्हा छायाचित्र पाहून पिकाची कीड व रोग ओळखणारे यंत्र ज्यांना तयार करावयाचे आहे, त्यांच्यासाठी या गावाइतके कठीण, आणि म्हणूनच या गावाइतके उपकारक, परीक्षास्थान मला दुसरे ठाऊक नाही.

मी मूळचा शेतकी पदवीधर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडल्यावर काही वर्षे कीड-सर्वेक्षणाच्या कामात काढली, आणि पुढे संगणकावर काम करणाऱ्या एका लहानशा मंडळीत जाऊन पडलो. मंडळींचा उद्देश साधा होता: शेतकऱ्याने आपल्या भ्रमणध्वनीवर पानाचे, फुलाचे किंवा बोंडाचे छायाचित्र काढावे, आणि त्याला काय झाले आहे हे यंत्राने सांगावे. छायाचित्र काढणे ही आता गावात नवलाची गोष्ट उरलेली नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकरी स्वतःच पिकाचे छायाचित्र सरकारदप्तरी रुजू करू लागला आहे. असे यंत्र घडविण्याची रूढ रीतही ठरलेली आहे. हजारो छायाचित्रे जमवावीत, प्रत्येकावर जाणत्याने नाव लिहावे, आणि ती नावे व चित्रे संगणकातील जाळ्यापुढे इतक्या वेळा ठेवावीत की नवे चित्र येताच ते जाळे आपण होऊन नाव सांगू लागेल. ही रीत समर्थ आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु नागपूर-अकोल्याकडील प्रक्षेत्रांवर काढलेल्या छायाचित्रांवर शिकून तयार झालेले आमचे जाळे राजूरच्या शिवारात आणले, तेव्हा पानावर काळा थर दिसला की ते बेधडकपणे ‘काळी बुरशी’ असा निवाडा देऊ लागले.

अशाच एका पानाचे छायाचित्र बांधावर उभा राहून मी काढीत असता, त्या शेतात निंदणाला आलेल्या एका वयस्क बाईने काम थांबवून विचारले, “काय पायता बापू?” मी पान दाखविले आणि बुरशी आहे काय ते पाहतो म्हणालो. तिने पान माझ्या हातून घेतले, अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून एकदाच चोळले, मग उलटून त्याची खालची बाजू पाहिली, मग शेजारच्या ओळीतील तुरीच्या झाडाकडे आणि बांधावरच्या बोरीकडे नजर टाकली, आणि म्हणाली, “हा रोग नोहे बापू, हा कोयसा होय. चिकटते काय? नाही चिकटत. अन् बोरीवरबी हाये.” मी म्हणालो, “मावशी, आणि चिकटले असते तर?” त्यावर ती म्हणाली, “तं मंग खाली मावा सापडला असता.” एवढे बोलून ती पुन्हा ओळीत बसली. तिच्या बोटांवर काळी भुकटी लागली होती आणि पानाचा चोळलेला भाग हिरवागार दिसत होता.

त्या काही क्षणांत काय घडले याचा विचार करण्यात माझे पुढचे बरेच दिवस गेले, आणि माझ्या कामाची दिशा तेथूनच वळली असे म्हणावयास हरकत नाही. त्या बाईने पानाच्या रूपावरून निर्णय दिलाच नव्हता. काळेपणा तिलाही दिसत होता आणि यंत्रालाही; किंबहुना काळ्या रंगाच्या छटा यंत्राला तिच्याहून सूक्ष्मपणे दिसत असतील. तिने पाहिले ते त्या काळ्या थराचे इतर वस्तूंशी असलेले संबंध. थर पानाच्या वरच्या अंगावर आहे की खालच्या. तो पानाला धरून आहे की नुसता पडलेला आहे. त्याच्या खाली चिकट द्राव आहे की नाही. तो द्राव सोडणारा मावा किंवा पांढरी माशी त्याच पानाच्या पाठीशी वा वरच्या पानाच्या पोटाशी आहे की नाही. आणि जो थर कापसावर आहे तोच ज्याला कापसाची कीड लागत नाही अशा झाडावरही आहे काय. वनस्पतिशास्त्र सांगते ते याहून निराळे नाही. काळी बुरशी ही पानावर पोसली जाणारी बुरशीच नव्हे. मावा किंवा पांढरी माशी झाडाचा रस शोषून जो गोड चिकटा टाकते, त्यावर ती वाढते. म्हणजे बुरशी चिकट्यावर, चिकटा किडीपासून, कीड पानाच्या रसावर, अशी ही साखळी आहे, आणि साखळीतील एक कडी जरी जागेवर सापडली नाही तरी उरलेला निवाडा संशयास्पद ठरतो. कोळशाच्या धुळीला ही साखळी नाही. तिची साखळी रस्ता, वारा आणि कोरडा दिवस यांच्याशी आहे.

अशा संबंधांची बोलीत, सवयीत व बोटांच्या स्पर्शात विखुरलेली माहिती संगणकाला विचार करता येईल अशा नेमक्या रूपात मांडणे, म्हणजेच आजच्या शास्त्राच्या भाषेत ऑन्टॉलॉजी रचणे. एखाद्या क्षेत्रात कोणकोणते पदार्थ आहेत असे आपण मानतो, त्यांचे वर्ग कोणते, कोणता वर्ग कोणत्या वर्गाच्या पोटात येतो, कोण कोणाचा अवयव आहे, कोण कोणामुळे घडते आणि कोण कोणाबरोबर असू शकत नाही, याची ती सर्वसंमत व स्पष्ट शब्दांत लिहिलेली सनद होय. टॉम ग्रुबर या अमेरिकी संशोधकाने १९९३ साली तिची जी व्याख्या केली, तीही थोडक्यात हेच सांगते की, आपल्या मनातील कल्पनारचना उघड करून मांडावी. पुढे २००४ साली अशी सनद लिहिण्यासाठी ‘आउल’ नावाची भाषा प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेले ‘प्रोटेजे’ हे साधन वापरून आज कोणीही ती लिहू शकतो. आम्हीही तेच वापरले. परंतु या उद्योगामागची बुद्धी आपल्याकडे अपरिचित आहे असे मात्र नाही. ज्याने अमरकोशाचे वर्ग पाठ केले आहेत, वनौषधी एका वर्गात आणि सिंहादी पशू दुसऱ्या वर्गात अशी शब्दांची व्यवस्था लहानपणी ज्याच्या जिभेवर बसली आहे, किंवा ज्याने अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह गुरुमुखातून ऐकला आहे, त्याला द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव ही सात पदार्थांची मांडणी ठाऊकच असते. काळा रंग हा गुण, थर हे द्रव्य, झडणे हे कर्म. आणि गुण द्रव्याशिवाय राहू शकत नाही, म्हणून ‘काळे’ एवढेच म्हणून थांबता येत नाही, काळे काय हे सांगावेच लागते. आमचे जाळे गुणापाशी थांबत होते. त्याला द्रव्यापर्यंत न्यावयाचे होते.

संगणक-दृष्टीच्या अर्वाचीन इतिहासातही या मांडणीचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा उल्लेख फारसा होत नाही याचे मला वाईट वाटते. २००९ साली फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इमेजनेट’ नावाचा चित्रसंग्रह विद्वानांपुढे ठेवला. तो वाढत वाढत सुमारे १ कोटी ४० लाख चित्रांपर्यंत गेला, आणि आज यंत्राच्या दृष्टीविषयी जे काही नवल आपण ऐकतो त्याचा पाया त्या संग्रहाने घातला. त्या चित्रांची खानेसुमारी प्रिन्स्टन विद्यापीठातील जॉर्ज मिलर यांनी १९८५ च्या सुमारास आरंभलेल्या ‘वर्डनेट’ या शब्दव्यवस्थेवरून केलेली होती. म्हणजे चित्रांच्या आधी शब्दांची वंशावळ तयार होती. मराठीलाही अशी शब्दव्यवस्था मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये लाभली आहे. परंतु इमेजनेटच्या एक हजार वर्गांची जी यादी सर्वत्र वापरली जाते, ती कापसाच्या माणसाने एकदा वाचून पाहावी. तीत कुत्र्यांच्या शंभरावर जाती आहेत. तीत ढालकिडा आहे, जाळीदार पंखांची माशी आहे, तुडतुडाही आहे. आमची शत्रुकीड आणि आमचे मित्रकीटक असे दोन्ही एकाच यादीत शेजारी शेजारी बसले आहेत. पण त्यांच्यापैकी कोण पऱ्हाटीचा रस शोषतो आणि कोण रस शोषणाऱ्यांवर जगतो, हा मजकूर त्या यादीत कोठेच नाही. तिन्ही कीटक, एवढेच नाते तेथे नोंदले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे नाते सर्वांत महत्त्वाचे, ज्यावर फवारणी करावी की न करावी हे ठरते, ते तेथे नाही, कारण ज्यांनी यादी केली त्यांना ते विचारावयाचे नव्हते. ही त्यांची उणीव नव्हे. आपल्या प्रश्नांची सनद आपणच लिहावी लागते, इतकाच त्याचा अर्थ.

ती लिहिण्याचे काम आम्ही ज्या रीतीने केले, तिची प्रेरणा मला महसुली दप्तरातून मिळाली. चांगल्या तलाठ्याने लिहिलेला पंचनामा ज्यांनी वाचला आहे त्यांना माहीत असते की, त्यात पंचांनी समक्ष काय पाहिले आणि त्यावरून कोणता निष्कर्ष काढला, हे वेगवेगळे ठेवलेले असते. ‘बोंडे काळी पडून सडलेली दिसली’ हे एक वाक्य आणि ‘बोंडअळीमुळे नुकसान झाले’ हे दुसरे. आमच्या ज्ञानसंग्रहातील प्रत्येक नोंदीला आम्ही हाच शिरस्ता लावला. छायाचित्रात जे दिसते, म्हणजे थर, डाग, छिद्र, आकसणे, रंग, ते दृष्टाच्या खाती. त्यावरून जे ठरते, म्हणजे कीड, रोग, कमतरता, धूळ, ते अनुमिताच्या खाती. आणि शेतकऱ्याने किंवा मजुराने जे तोंडी सांगितले ते शब्दाच्या खाती, सांगितल्याच्या तारखेसह. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे नैयायिकांनी निरनिराळी का मानली, हे मला वाचून जेवढे समजले नव्हते तेवढे ही खाती भरताना समजले. आणखी एक गोष्ट दप्तराकडूनच घेतली. हा मुलूख वऱ्हाडात होता, पुढे मध्य प्रांतात गेला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. जिल्ह्याचे नावही एकेकाळी वणी होते, ते १९०५ साली यवतमाळ झाले. पण जमिनीची ओळख तिच्या क्रमांकावर टिकली. तसा प्रत्येक पदार्थाला आम्ही एक अढळ क्रमांक दिला आणि नावे त्याच्या अंगावर चढविली, जेणेकरून कोणी पऱ्हाटी म्हणो, कोणी कपाशी म्हणो, कोणी लॅटिन नाव घेवो, नोंद एकाच खात्यावर पडावी.

अवयवांची मांडणी सोपी गेली. पाते, फूल, बोंड, सरकी, रुई, पान, देठ यांचे परस्परसंबंध वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ऑन्टॉलॉजीत आधीच तयार होते. ती मांडणी आम्ही आधाराला घेतली आणि कापसाच्या अवस्था तिला जोडल्या. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरी कसोटी लागली ती गुलाबी बोंडअळीपाशी. ज्यांनी विदर्भात २०१७ चा हंगाम पाहिला आहे त्यांना ही अळी काय करते ते सांगावयास नको. बीटी कापूस २००२ साली आला, त्याची दोन जनुकांची जात २००६ साली आली, आणि ज्या अळीला मारण्यासाठी तो आणला तीच पुढे त्याला सरावली. या अळीचे वैशिष्ट्य असे की ती दिसत नाही. फुलात शिरली तर पाकळ्या आतून धाग्यांनी शिवून टाकते, म्हणून फूल उमलत नाही, मिटल्या गुलाबासारखे राहते; त्याला शेतकरी डोमकळी म्हणतो. बोंडात शिरली तर तिच्या प्रवेशाचे छिद्र बुजून जाते, आणि हिरवे बोंड बाहेरून पूर्ण निरोगी दिसते. पहिल्या बाबतीत निदान खूण तरी असते: यंत्राला डोमकळी दाखवावी, आणि ज्ञानसंग्रहाने ‘डोमकळी गुलाबी बोंडअळीमुळे होते’ या संबंधावरून न दिसणारी अळी सांगावी. हे आम्हाला साधले, आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते नियमाच्या बळावर यंत्र बोलू लागले त्या दिवशी मला झालेला आनंद मी लपवीत नाही. दुसऱ्या बाबतीत खूणच नाही. तेथे यंत्राने काय म्हणावे?

येथे अभाव हा सातवा पदार्थ आमच्या कामी आला. छायाचित्रात अळी नाही, यावरून बोंडात अळी नाही असे म्हणता येत नाही. आउल भाषेचीही भूमिका हीच आहे: जे नोंदलेले नाही ते खोटे आहे असे ती मानत नाही, फक्त अज्ञात मानते. पण एवढ्यावर थांबले तर शेतकऱ्याला काहीच सांगता येणार नाही, कारण अज्ञात तर सगळेच आहे. आपल्या शास्त्रकारांनी एक पाऊल पुढे टाकले होते. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असताना ती दिसली नाही, तरच तिचा अभाव ज्ञात झाला असे म्हणावे. याला ते योग्य अनुपलब्धी म्हणतात. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही. हा नियम आम्ही शब्दशः ज्ञानसंग्रहात उतरविला. प्रत्येक पदार्थापुढे, तो असल्यास कोणत्या छायाचित्रात दिसलाच पाहिजे, हे लिहिले: माव्यापुढे पानाची खालची बाजू, पुरेसा उजेड, जवळून, तुडतुड्यापुढे पानाची खालची बाजूच, पण सकाळची वेळ, गुलाबी बोंडअळीपुढे फोडलेले बोंड. अखंड बोंडाचे कितीही सुंदर छायाचित्र दिले तरी ‘अळी नाही’ असे म्हणण्याची यंत्राला मुभाच ठेवली नाही. त्याने म्हणावयाचे ते एवढेच की, एका एकरातून वीस हिरवी बोंडे तोडा, फोडा आणि आतले दाखवा. वीसपैकी दोहोंत जिवंत अळी निघाली तर नुकसानीची आर्थिक पातळी गाठली, ही शिफारस शास्त्रज्ञांचीच आहे. तसेच कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले तरी ती गाठली असे समजतात. हे आकडे नियम म्हणून संग्रहात गेले, आणि त्यामुळे यंत्राचे उत्तर ‘अळी आहे’ यापाशी न थांबता ‘उपाय करण्याइतकी आहे किंवा नाही’ येथपर्यंत जाऊ लागले.

हा शेवटचा भेद मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण याच जिल्ह्याच्या अलीकडच्या दुःखात आहे. २०१७ च्या त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. डोक्याच्या वर गेलेली दाट पऱ्हाटी, दमट हवा, एकाच पंपात मिसळलेली दोन-तीन औषधे, उघडे अंग, अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. परंतु चुकीचा निवाडा देणारे यंत्र म्हणजे एका माणसाच्या पाठीवर नाहक चढविलेला पंप, हे मी त्या वर्षापासून विसरू शकलेलो नाही. कोळशाच्या धुळीला बुरशी म्हटले, की कोणी तरी बुरशीनाशक विकत आणतो. चिकट्यावरच्या खऱ्या बुरशीलाही नुसते बुरशीनाशक मारून उपयोग नसतो, कारण मावा तेथेच असतो. आणि मावा असला तरी पानागणिक दहांपर्यंत त्याची संख्या गेली नसेल, आणि ढालकिडे व जाळीदार पंखांच्या माशीच्या अळ्या त्याच पानावर फिरत असतील, तर पुष्कळदा काहीच न करणे हाच उपाय असतो. ‘काहीच न करणे’ हे उत्तर देता येण्यासाठी यंत्राला कोण कोणाला खातो हे माहीत असावे लागते. चित्रांच्या राशीतून ते आपोआप मिळेल असे मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे, आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत.

मंडळींमध्ये वाद झाले नाहीत असे नाही. सर्वांत दीर्घ वाद लाल्यावर झाला. पान लाल होते ही गोष्ट सर्वांना मान्य. पण ते मॅग्नेशियमच्या कमतरतेने होते, तुडतुड्यांनी रस शोषल्याने होते, की हंगामाच्या अखेरीस रात्री थंड पडू लागल्याने होते, यांवर जाणत्यांची तीन तोंडे तीन दिशांना. एका अनुभवी कृषी अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, लाल्या हा एकच विकार मानून त्याला तीन कारणे द्यावीत. माझे म्हणणे असे की हे तीन निरनिराळे विकार आहेत आणि रंग तेवढा सामाईक आहे. शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल झाला असेल तर ते एक. कडा आधी लाल होऊन पान खाली मुडपले असेल तर ते दुसरे. सारे शेत एकदम लालसर झाले असेल तर तिसरे. शेवटी संग्रहात दोन्ही मते, मत धारण करणाऱ्याच्या हुद्द्यासह, नोंदली गेली, आणि यंत्राला असे बजावले गेले की लाल पान येताच नाव सांगण्याच्या आधी त्याने तीन प्रश्न विचारावेत. ज्ञानसंग्रहात मतभेदाला जागा असावी, तो पुसून टाकून एकच मत सत्य म्हणून कोरले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. कारण खेड्यातील ज्ञान असेच राहते, आणि विद्यापीठांतील ज्ञानही आतून पाहिले तर असेच असते.

प्रश्न विचारणे ही आता आमच्या यंत्राची मुख्य सवय झाली आहे. जाळ्याने ‘काळा थर’ एवढेच दृष्ट सांगावे. ज्ञानसंग्रहाने त्या थराचे संभाव्य पदार्थ पुढे आणावेत. आणि ज्या एका प्रश्नाने ते सर्वांत लवकर वेगळे होतील तो प्रश्न शेतकऱ्याला करावा. राजूरच्या शिवारात तो प्रश्न बहुधा ‘बोटाने चोळून पाहा, चिकटते का?’ हाच निघतो. त्या बाईचा प्रश्न आता यंत्राच्या तोंडी आहे. संग्रहात तो शब्दप्रमाणाच्या खाती नोंदलेला असून त्यापुढे गाव, हंगाम आणि ‘निंदणाचे काम करणारी अनुभवी स्त्री’ असा दाखला लिहिला आहे. तिचे नाव तिने लिहू दिले नाही.

पांढऱ्या थराचा खटला मात्र अजून चालू आहे. तेथे दावेदार तीन: पानाच्या खालच्या बाजूस शिरांनी आखलेल्या कोनाकोनांच्या ठिपक्यांत दिसणारा दहिया रोग, मुंग्यांच्या वर्दळीसह शेंड्यांवर व देठांवर गोळा होणारा पिठ्या ढेकूण, आणि भट्टीचा चुना. धुळीविषयी आमचा सामान्य नियम असा होता की चांगला पाऊस पडला की ती धुऊन जाते. कोळशाला तो बरोबर लागू पडतो. चुन्याला तो लागत नाही. भाजलेल्या चुन्याची भुकटी पानावर पडली आणि रात्री दव पडले की ती तेथेच विरते, सकाळच्या हवेने पुन्हा घट्ट होते, आणि पानाला धरून बसणारी पांढरी कवची तयार होते. ती पावसाने जात नाही, चोळल्यानेही पूर्ण जात नाही, आणि खरवडली तर खालचे पान कधी कधी पिवळट दिसते. तेव्हा धूळ या वर्गाचे आम्हाला दोन पोटवर्ग करावे लागले, पडून राहणारी आणि धरून बसणारी. पण प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. पानावर पडलेला चुना ही पानाहून वेगळी वस्तू आहे; त्याने पान भाजले तर ती पानाची इजा झाली, म्हणजे पानाची अवस्था झाली; आणि कवची पानाला इतकी एकजीव झाली असेल की वेगळी काढताच येऊ नये, तर तिला पानावरची वस्तू म्हणावे की पानाचा विकार म्हणावे? मंडळींपैकी एकाचे मत असे की वस्तू आणि विकार अशा दोन नोंदी कराव्यात आणि त्यांच्यात कार्यकारणभाव जोडावा. मी त्याच बाजूचा आहे, परंतु पान कितपत भाजले म्हणजे इजा म्हणावयाची याची पातळी आमच्यापैकी कोणाला सांगता येत नाही. भट्ट्यांच्या वाऱ्याखालची काही शेते येत्या खरिपात पेरणीपासून पाहावयाची, प्रत्येक पावसानंतर त्याच खुणेच्या झाडांची तीच पाने टिपावयाची, आणि ज्यांची ती शेते आहेत त्यांनाच पातळी ठरविण्याच्या बैठकीला बसवावयाचे, असे ठरले आहे. तोवर संग्रहात त्या नोंदीपुढे ‘अनिर्णीत’ असे लिहिले आहे, आणि पांढरे पान आले की यंत्र शेतकऱ्याला विचारते: भट्टी किती दूर आहे, आणि वारा कोणत्या बाजूचा आहे?